एका माणसाचा लॉनचा धंदा आणि त्याचं पहिलं मोठं मशीन

पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात लॉनची कामं एकट्यानं घेणारे बहुतेक जण सुरुवात ब्रश कटरनं, म्हणजे फिरत्या दोरीनं गवत कापणाऱ्या यंत्रानं करतात. दुचाकीला बांधला, खांद्याला अडकवला, काम सुरू. दोन-तीन गुंठ्यांच्या बंगल्यापर्यंत ते निभतं. मग एखाद्या मंगल कार्यालयाचं लॉन मिळतं, सोसायटीची पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या छतावरची बाग मिळते, आणि दोन गोष्टी ध्यानात येतात: दोरीनं कापलेलं लॉन उन्हात तिरकं बघितलं की लाटा लाटा दिसतं, आणि संध्याकाळी हात खांद्याच्या वर जात नाही. चाकावरचं मशीन घ्यायची वेळ झालेली असते.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती एचपीचं दाखवू?" हा प्रश्न फार पुढचा आहे. आधी गवत बघायचं, मग जागेची मापं, मग फाटक आणि गाडी, त्यानंतर इंजिन. आणि या सगळ्यांवर एक प्रश्न: मशीन बंद पडलं तर ते कोण आणि किती दिवसांत चालू करून देणार? एकट्याच्या धंद्यात दुसरं मशीन नसतं, दुसरा माणूसही नसतो. जुलैत चार दिवस मशीन दुरुस्तीला पडलं की आठवड्याची सगळी कामं एकमेकांवर चढतात आणि गवत तोवर थांबत नाही.

आधी गवत ओळखा

आपल्याकडच्या लॉनांवर मुख्यतः तीन जाती दिसतात. मेक्सिकन: हाताला टोचणारं, गादीसारखं दाट, सावकाश वाढणारं, जुनं झालं की उंचवटे धरतं. हरळीची जात, म्हणजे सिलेक्शन वन किंवा बर्म्युडा: बारीक पानाचं, पसरणारं, पावसाळ्यात झपाट्यानं वाढणारं. तिसरं रुंद पानाचं, सावलीत लावलेलं, ज्याला नर्सरीवाले बफेलो किंवा कार्पेट म्हणतात.

हरळी सपाट जागेवर १० ते २५ मिमीपर्यंत खाली ठेवता येते. मेक्सिकन २० ते ३५ मिमीवर छान दिसतं. रुंद पानाचं गवत ५० मिमीच्या खाली नेलं की काड्या उघड्या पडतात आणि लॉन पिवळं दिसायला लागतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही, हा नियम तिन्हींना लागू. म्हणजे ३० मिमी ठेवायचं असेल तर गवत ४५ मिमी झालं की मशीन फिरलंच पाहिजे. पावसाळ्यात हरळीला ही वेळ आठवड्यात येते; थंडीत मेक्सिकनला पंधरा-वीस दिवस चालतात.

आपल्या हातातल्या प्रत्येक जागेसमोर वहीत तीन गोष्टी लिहा: गवत कोणतं, किती मिमी ठेवायचं, पावसाळ्यात किती दिवसांनी जाणं खरोखर जमतं. तिसरा आकडा प्रामाणिकपणे लिहा. मशीनचा प्रकार त्यावरच ठरतो.

रीलचं की रोटरी

रीलच्या मशीनमध्ये पात्यांचा गोल पिंजरा फिरतो आणि खालच्या स्थिर पात्यावर गवत कात्रीसारखं कापलं जातं. टोक स्वच्छ तुटतं, लॉनवर पट्टे उठतात, गिऱ्हाईक खूश होतं. क्रिकेटच्या मैदानांवर याच जातीची मशीनं का असतात ते एकदा कापलेली कड बघितली की कळतं. रोटरीत एकच आडवं पातं जोरात फिरतं आणि गवत फटका मारून तोडतं. धार असेल तर कापणी नीट येते. धार गेली की पानांची टोकं फाटतात आणि दोन दिवसांनी सगळ्या लॉनवर पांढुरकी झाक येते. गिऱ्हाइकाला वाटतं खत कमी पडलं. दोष पात्याचा असतो.

दिसायला रील सरस. तरी एकट्या माणसाचं पहिलं मशीन रोटरीच असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारणं कामातली आहेत. आठवडा चुकला आणि गवत ७० मिमीवर गेलं की रील ते कापण्याऐवजी पुढे आडवं पाडते. चाक पुढे गेलं की गवत परत उभं. जमीन उंचसखल असेल तर रील उंचवटे खरवडते. शिवाय तिला खडा सोसत नाही. स्थिर पात्याला एक खाच पडली की प्रत्येक पट्ट्यात न कापलेल्या गवताची रेघ उरते, आणि ती घालवायला रील उलटी फिरवून ग्राइंडिंग पेस्टनं घासावी लागते. खाच खोल असेल तर थेट लेथवर.

मंगल कार्यालयाचं लॉन हे या बाबतीत सगळ्यात वाईट गिऱ्हाईक. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला की दर दोन दिवसांनी मांडव पडतो नि उठतो. गालिचा गुंडाळून गेला की मागे राहतात मांडवाचे खिळे, बांधणीच्या तारेचे तुकडे, प्लास्टिकचे टाय आणि हातभर सुतळी. सुतळी रीलमध्ये गेली की पिंजऱ्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंगजवळ गुंडाळते, आणि ती काढायला कटर घेऊन अर्धा तास बसावं लागतं. रोटरीत धोका वेगळा आहे. ५३ सेंमीचं पातं मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३०० किमी असतो, आणि खिळ्याला त्या वेगाचा फटका बसला तर समोर कोण उभं आहे हे खिळा बघत नाही. म्हणून अशा लॉनवर मशीन घालण्याआधी जुन्या लाउडस्पीकरची दोन-तीन चुंबकं बांबूला ओळीनं बांधा, दोरीनं ओढत लॉनवरून फिरवा, मग सुतळ्या हातानं वेचा. वीस-पंचवीस मिनिटं जातात. ती कामाच्या दरात धरायची.

सगळी कामं सपाट, मऊ, नियमित आणि २५ मिमीच्या आत ठेवायच्या हरळीची असतील तर मात्र सरळ रीलचं मशीन घ्या. अशी कामं एकट्याकडे क्वचित असतात.

टेप घेऊन जागा मोजा

'मोठं लॉन आहे' हे माप नव्हे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर. प्रत्येक जागेचं फक्त गवताचं क्षेत्र मोजा. फरशी, झाडांची आळी, कारंजं वगळा.

आता मशीनचा वेग काढू. २१ इंची रोटरीची कापणी ५३ सेंमी. प्रत्येक फेरीत थोडं आधीच्या पट्ट्यावर घ्यावं लागतं, म्हणून धरा ४८ सेंमी. चालण्याचा वेग ताशी ३ किमी म्हणजे मिनिटाला ५० मीटर. गुणाकार केला की मिनिटाला २४ चौरस मीटर येतात. पण वळणं, झाडं, कापलेल्या गवताची पिशवी रिकामी करणं यांत तिसरा हिस्सा वेळ जातो. हातात उरतात १६ चौरस मीटर. म्हणजे तासाला साडेनऊ गुंठे. पहिल्या वर्षी नऊच धरा. हाच हिशेब १६ इंची मशीनला लावला तर तासाला सात गुंठ्यांच्या आसपास येतो.

समजा तुमच्याकडे ३० गुंठ्यांचं एक कार्यालय, ६ गुंठ्यांची पोडियम गार्डन आणि ३ गुंठ्यांचे चार बंगले आहेत. एकूण ४८ गुंठे. २१ इंचीनं नुसती कापणी सव्वापाच ते साडेपाच तासांची, १६ इंचीनं जवळपास सात. पावसाळ्यात हे दर आठवड्याला. ओल्या गवतानं पिशवी पटापट भरते, त्यामुळे वेळ आणखी चौथाईनं वाढवा, शिवाय कडा मारणं वेगळं. मग असं वाटतं की अजून रुंद घ्यावं, २६ किंवा ३० इंची. थांबा, आधी फाटक मोजायचं आहे.

फाटक, जिना, लिफ्ट, गाडी

मशीनच्या नावातले इंच कापणीचे असतात. बाहेरची रुंदी चाकांसकट आणखी चार-पाच सेंमी जास्त भरते. बंगल्याच्या मागच्या अंगाला जायला बहुधा भिंत आणि कुंपण यांच्यामधली एक बोळ असते, तिच्यात बोअरवेलचा पाइप किंवा एसीचं बाहेरचं युनिट निघालेलं असतं. सगळ्यात अरुंद ठिकाण मोजा. पोडियम गार्डन पार्किंगच्या छतावर असते. तिथे मशीन सर्व्हिस लिफ्टनं न्यायचं की रॅम्पनं, रॅम्पचा उतार किती, आणि पेट्रोलचं मशीन लिफ्टमध्ये न्यायला सोसायटीची परवानगी आहे का, हे करार करण्याआधी विचारा. काही ठिकाणी याच एका मुद्द्यावर काम सुटतं.

पायऱ्या असतील तर वजन बघा. २१ इंची पेट्रोल रोटरी ३० ते ४५ किलोंची असते. ४५ किलो एकट्यानं पाच पायऱ्या चढवणं एक दिवस जमतं, दर आठवड्याला जमत नाही. मूठ कुठे धरायची, हँडल दुमडतं का, दुमडल्यावर लांबी किती, हे दुकानातच टेपनं मोजा. छोटा हत्ती असेल तर अडचण नाही, दोन फळ्यांवरून चढवता येतं. ईको किंवा तशी व्हॅन असेल तर सीट पाडून मागच्या दाराची उंची आणि दुमडलेल्या मशीनची उंची पडताळा. पेट्रोलचा कॉक बंद करून, मशीन आडवं न टाकता, चाकांवर उभं ठेवूनच न्यायचं. दुचाकीवर हे जाणार नाही. गाडी नसेल तर दर फेरीच्या टेम्पोभाड्याचा आकडा हिशेबात घाला. कधीकधी त्यावरूनच ठरतं की अजून वर्षभर ब्रश कटरच बरा.

लोणावळा, मुळशी, कर्जत, अलिबागकडच्या फार्महाउसांची कामं घेणाऱ्यांना बसून चालवायच्या मशीनची भूल पडते. एकाच जागी दोन एकरांहून जास्त मोकळं गवत असेल, मशीन तिथेच शेडमध्ये राहणार असेल, तर विचार करा. दर वेळी ते ट्रेलरवर चढवून न्यायचं असेल तर वाचलेला वेळ चढवण्या-उतरवण्यातच जातो.

उतार असला तर एक लाकडी फळी आणि पाणसळ न्या. एक मीटरच्या फळीला दुसऱ्या टोकाला जमीन २७ सेंमी खाली असेल तर उतार १५ अंश, ३६ सेंमी असेल तर २०. ढकलायचं मशीन उतारावर नेहमी आडवं चालवायचं, वर-खाली नाही. खाली घसरणारा पाय पात्याकडे जातो. २० अंशांच्या पुढे बऱ्याच चार-स्ट्रोक इंजिनांत ऑइल एका बाजूला जमून वरच्या भागाला पोचत नाही आणि इंजिन जाम होतं. तेवढा भाग ब्रश कटरसाठी सोडा.

इंजिन: घरगुती आणि धंद्याचं

तीन गुंठ्यांचं घरचं लॉन कापायला वीस मिनिटं लागतात. वर्षात पस्तीस वेळा कापलं तरी बारा तास. तुमचं मशीन पावसाळ्याचे चार महिने आठवड्याला वीस तास आणि एरवी आठ तास चाललं, तरी वर्षाला सहाशे तास भरतात. घरचं मशीन पन्नास वर्षांत जेवढं चालेल तेवढं तुमचं एका वर्षात. त्यामुळे 'आमच्या शेजाऱ्यांचं दहा वर्षं चाललं' या शिफारशीला अर्थ नाही.

एकाच कंपनीच्या इंजिनांतही दोन वर्ग असतात. उदाहरण होंडाचंच घेऊ. जीसीव्ही१६० आणि जीएक्सव्ही१६० दोन्ही १६० सीसीच्या आसपासची उभ्या शाफ्टची इंजिनं. पहिलं घरगुती वापरासाठी, दुसरं धंद्यासाठी बांधलेलं. नावात एका अक्षराचा फरक, आयुष्यात कित्येक पटींचा. कोणत्याही कंपनीचं घ्या, तीन गोष्टी विचारा: सिलिंडरला ओतीव लोखंडाची स्लीव्ह आहे का, क्रँकशाफ्ट दोन्ही टोकांना बॉल बेअरिंगवर आहे का, एअर फिल्टर दुहेरी, म्हणजे फोम आणि कागद, आहे का. मार्च-एप्रिलमधल्या धुळीत एकेरी फिल्टर लवकर हार मानतो. धूळ आत गेली की रिंग घासतात, ऑइल जळतं, निळा धूर येतो, आणि मग इंजिन खोलण्याशिवाय इलाज नाही.

एचपीच्या मागे लागू नका. २१ इंची पात्याला या वर्गातलं १६० सीसीचं इंजिन पुरतं. मशीन दाबलं जात असेल तर बहुतेक वेळा गवत जास्त वाढलेलं असतं, पातं बोथट असतं किंवा डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, ओल्या गवताचा थर चिकटलेला असतो.

पेट्रोलबद्दल आता वेगळं लिहावं लागतं. पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा लिहिलेली असते. घेताना डीलरकडून ई२० चालतं का ते लेखी घ्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत महिनाभर पेट्रोल राहिलं की पाणी खाली बसतं, कार्बोरेटरचा जेट चिकटतो, आणि मशीन चोकवर चालू होऊन चोक काढला की बंद पडतं. उपाय साधा: दोन आठवड्यांपुरतंच पेट्रोल कॅनमध्ये ठेवा, आणि मशीन आठवड्याहून जास्त उभं राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

विजेचं आणि बॅटरीचं

विजेची वायर लावून चालणारी मशीनं आपल्याकडे बरीच विकली जातात, बंगल्याच्या मालकांना ती शांत म्हणून आवडतातही. धंद्याला अडचण वायरची. दीड एचपीच्या मोटरला ५० मीटर दूर वीज न्यायची तर वायर २.५ चौरस मिमीची तांब्याची हवी. १ चौरस मिमीची स्वस्त वायर गुंडाळून नेली तर टोकाला व्होल्टेज कमी पडतं, मोटर तापते, आणि दोष मशीनला दिला जातो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या प्लगवर ओल्या गवतात हे मशीन लावूच नका. वायर पात्याखाली जाणं ही 'झालं तर' नव्हे, 'कधी होईल' एवढीच बाब आहे.

बॅटरीच्या मशीनचा हिशेब दुकानातच करून टाका. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८० वॉट-तास. दाट गवतात मोटर ८०० वॉट ओढत असेल तर बॅटरी साडेतेरा मिनिटं टिकते. वरच्या ३० गुंठ्यांच्या कार्यालयाला दोनशे मिनिटं लागतात, म्हणजे पंधरा बॅटऱ्या. तीन गुंठ्यांच्या बंगल्याला दोन पुरतात. दुपारी आवाज चालत नाही अशा सोसायट्या आणि बंगलेच हातात असतील तर बॅटरीचं मशीन फायद्याचं. मोठं लॉन आलं की नाही.

डेक, चाकं, उंचीचा खटका

पातळ पत्र्याचा डेक दुसऱ्या पावसाळ्यात आतून गंजतो, तिसऱ्यात इंजिनच्या बोल्टांभोवती तडा जातो. कोकणात खाऱ्या हवेमुळे त्याच्याही आधी. ॲल्युमिनियमचा ओतीव डेक महाग पडतो पण हा त्रास देत नाही. मात्र दगडावर आपटला तर पत्रा चेपतो तिथे ॲल्युमिनियम तडकतं.

चाकांत बॉल बेअरिंग हवं. प्लॅस्टिकच्या बुशवर फिरणारं चाक काही महिन्यांत डगमगतं, आणि एक चाक डगमगलं की एका अंगाला गवत बुटकं कापलं जातं. स्वतः चालणारं, म्हणजे मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेलंच घ्या. दिवसाला चार तास ढकलायचं मशीन चालवणारा माणूस सप्टेंबरपर्यंत काम सोडून देतो किंवा पाठ धरून बसतो.

उंची बदलायचा खटका एकच आणि चारही चाकांना एकदम हलवणारा असेल तर उत्तम. चार चाकांचे चार खटके असतील तर एका दिवसात मेक्सिकन ३० वर आणि बफेलो ५५ वर कापताना कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की सगळीकडे एकच उंची राहते. खटक्यावरचे १ ते ६ आकडे मिमी नसतात. मशीन सपाट फरशीवर ठेवून, स्पार्क प्लगची वायर काढून, प्रत्येक आकड्याला पात्याच्या धारेपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा आणि डेकवर रंगानं लिहून ठेवा.

हँडलचा दांडा सोडला की पातं तीन सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे. जास्त पैसे देऊन पात्याला वेगळा क्लच मिळत असेल तर कार्यालयाच्या कामासाठी घ्या: इंजिन चालू ठेवून पातं थांबवता येतं, दर सुतळीला स्टार्टरची दोरी ओढावी लागत नाही.

दुकानात काय करून बघायचं

फरशीवर चालू करून दाखवलेलं मशीन म्हणजे न पाहिलेलं मशीन. आपल्या एखाद्या लॉनवर ट्रायल मागा, पावसाळ्यात मिळाली तर फारच छान. डीलर नाही म्हणाला तर त्यानं विकलेलं तेच मॉडेल कुठे चालतंय ते विचारून तिथे जाऊन बघा.

१. थंड इंजिन स्वतः सुरू करा. दुकानदारानं आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर तासाभरानं परत या. चांगलं इंजिन दोन-तीन ओढींत सुरू होतं.

२. एक पट्टा कोरड्या, एक दाट गवतात मारा. दाट गवतात आवाज किंचित पडून लगेच सावरला तर गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणारा भाग, नीट आहे.

३. पिशवीचं तोंड बघा. ती भरण्याआधीच तोंडाशी गवत अडकत असेल तर पात्याचा वारा कमी पडतोय. पावसाळ्यात हेच दर दहा मिनिटांनी बोटांनी उकरावं लागेल. आणि बोटं घालण्याआधी प्लगची वायर काढायची, प्रत्येक वेळी.

४. मशीन कलतं करून बघायचं तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या अंगाला ठेवा. उलट केलं तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

५. पात्याचं एक टोक डेकच्या कडेपासून किती दूर ते मोजा, पातं अर्धं फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणून मोजा. तीन मिमीहून जास्त फरक असेल तर पातं किंवा शाफ्ट वाकलेला.

६. पातं, पात्याचा बोल्ट, एअर फिल्टर, ड्राइव्हची केबल, बेल्ट आणि स्टार्टरची दोरी, हे सहा भाग आत्ता काउंटरवर ठेवायला सांगा. 'मागवून देतो' हे उत्तर आलं तर किती दिवसांत ते विचारा, आणि त्या दिवसांना आपल्या रोजच्या कमाईनं गुणा.

वॉरंटीचं कार्ड तिथेच वाचा. घरगुती वापराला दिलेली वॉरंटी धंद्याच्या वापराला बरेचदा कमी मुदतीची असते किंवा मुळीच नसते. बिलावर इंजिनचा नंबर आणि मशीनचा सीरियल नंबर दोन्ही लिहून घ्या.

जुनं मशीन घेताना वरच्या यादीतली पाचवी पायरी पहिली करा. वाकलेला क्रँकशाफ्ट बदलण्यापेक्षा दुसरं इंजिन परवडतं. मग ऑइलची काडी काढा: दुधट ऑइल म्हणजे आत पाणी शिरलंय. डेकवर नवा रंग असेल तर इंजिनच्या बोल्टांभोवती नखानं खरवडून खाली वेल्डिंग आहे का पाहा.

गुंठ्याला किती पडतं

आकडे आपापले घाला, इथे नमुन्यापुरते. समजा मशीन ७५,००० रुपयांना घेतलं, १,२०० तास चालवून १५,००० ला विकलं. साठ हजार भागिले बाराशे, तासाला ५० रुपये. पेट्रोल तासाला साधारण लिटरभर, धरा १०५. ऑइल, पाती, बेल्ट मिळून २५. तासाचे १८०, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या वेगानं गुंठ्याला २० रुपये. आता ३५,००० चं घरगुती मशीन तीनशे तासांत मोडीत निघालं असं धरा: नुसती झीजच तासाला ११७. दर ठरवताना गुंठ्याचे हे २० रुपये, त्यावर तुमची मजुरी, गाडीभाडं आणि चुंबक फिरवायची पंचवीस मिनिटं.

ब्रश कटर विकू नका. कडा, आळी, उतार त्याच्याकडेच राहतात, आणि मोठं मशीन बंद पडलं तर तोच आधार. दोन-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये चांगलं ऑइल १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. झाकणानं अंदाज न करता मापानं घाला. आणि दोरी मारताना गाड्या, काचा, माणसं १५ मीटर दूर. सोसायटीत हे अंतर मिळत नाही, म्हणून आधल्या संध्याकाळीच वॉचमनला सांगून कडेच्या गाड्या हलवून घ्या.

पहिले वीस तास

पहिल्या तासानंतर इंजिन गार करून, प्लगची वायर काढून पात्याचा बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला तपासा. दुसरं पातं पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा: एक मशीनला, एक धारेला. आठ-दहा तासांनी पातं उतरवा, मूळ कोनातच, साधारण ३० अंशांत, कानशीनं धार लावा आणि मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर आडवं टांगा. जे टोक खाली जाईल ते जड. तिकडून थोडं घासा. तोल न साधता लावलेलं पातं हँडलला मुंग्या आणतं आणि बेअरिंग खातं.

पाऊस थांबला म्हणून लगेच लॉनवर जाऊ नका. काळ्या मातीत टाच दाबून बघा. खड्ड्यात पाणी आलं तर वापसा आलेला नाही. चाळीस किलोंच्या मशीनची चाकं चर पाडतील, आणि ते चर मुरूम-वाळू टाकून भरायला दिवाळी उजाडेल.

नव्या इंजिनचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदला, त्यात धातूचा बारीक चुरा असतो. पुढे दर शंभर तासांनी, धुळीच्या महिन्यांत पन्नास. चाललेले तास मोजणारा आवरमीटर नसेल तर डेकवर रंगानं लिहिलेल्या त्या मापांशेजारी खरेदीची तारीख घाला आणि रोजचे तास वहीत त्या-त्या जागेच्या पानावर टिपत जा.